मक्यामागचा वारा

चौथ्या गोठ्यातला गोऱ्हा कोसळला तेव्हा ऊन अजून चढायचंच होतं. मार्ला व्होंड्रा कुंपणावरून आत उतरली, त्याच्या काळ्या पाठीवर तिने तळहात टेकवला आणि चटका बसून मागे घेतला. जीव गेला होता, पण अंग तापल्या तव्यासारखं होतं.

"गेला?" कुंपणापलीकडून एलिसेओने विचारलं.

"गेला."

"ट्रॅक्टर आणू? ओढून बाहेर काढतो."

"नको. ट्रॅक्टर आत आला की बाकीचे बिथरतील. बिथरले की पळतील, पळाले की आणखी तापतील. पडू दे त्याला तिथेच."

एलिसेओने टोपी काढून कपाळ पुसलं. गेली वीस वर्षं या उघड्या, बिनछपराच्या गोठ्यांतून घोड्यावर फिरायचं आणि आजारी जनावर हुडकायचं, हे त्याचं काम. आज घोडा तबेल्यात होता. घोडेस्वार दिसला की गोऱ्हे उठून बाजूला होतात, आणि आज एकाही गोऱ्ह्याने उगाच पाऊल उचलू नये, अशी मार्लाची सक्त ताकीद होती.

"जशी आज्ञा, मालकीणबाई," तो म्हणाला. तिला तो लहानपणापासून ओळखत होता, म्हणून 'मालकीणबाई' म्हणताना त्याच्या मिशीत नेहमी हसू असायचं. आज नव्हतं.

मार्लाच्या कमरेचा रेडिओ खरखरला. "कोण गेलं? मला कुणी काही सांगेल का? मी व्हरांड्यात बसलोय, थडग्यात नाही."

हा तिचा बाप, लॅडी. फेब्रुवारीत पायरीवरच्या बर्फावरून घसरून त्याचा खुबा मोडला, आणि तेव्हापासून सगळा कारभार मार्लाच्या अंगावर आला. विद्यापीठातून पशुविज्ञान शिकून आलेल्या मुलीला हे जमणार याबद्दल त्याला शंका नव्हती, पण तसं बोलून दाखवायचा त्याचा स्वभावही नव्हता.

"चौथ्यातला एक, बाबा. बाकीचे तग धरून आहेत."

"धाप?"

"तिसऱ्यात आणि चौथ्यात तोंडं उघडी, लाळ गळतेय. सात-आठ जणांच्या जिभा बाहेर आल्यात."

जीभ बाहेर येणं म्हणजे काय, ते लॅडीला सांगायची गरज नव्हती.

लूप नदीच्या खोऱ्यात जुलै तापतोच, त्याचं नवल कुणाला नव्हतं. पण या वेळी रात्रीही थंड होत नव्हत्या. जनावर दिवसभर साठवलेली उष्णता रात्री अंगातून बाहेर टाकतं. सलग तीन रात्री ते जमलं नव्हतं, आणि चौथा दिवस उजाडताच पुन्हा त्याच ओझ्यावर नवं ओझं चढायला लागलं होतं. त्यात हे गोऱ्हे काळे, आणि महिन्याभरात विक्रीला जायचे, म्हणजे अंगावर चरबीची जाड गोधडी पांघरलेले.

मार्लाने करायचं ते सगळं केलं होतं. वैरण पोटात आंबते तेव्हा तीच पोटातली शेगडी होते, म्हणून सकाळी तिने गव्हाणीत जेमतेम मूठमूठ टाकलं होतं आणि मोठा घास सूर्य कलल्यावरचा ठेवला होता. तापलेल्या काळ्या मातीवर गव्हाचा पेंढा पसरला होता. पाण्याचे जादा हौद मांडले होते. तरीही तिसऱ्या आणि चौथ्या गोठ्यातले गोऱ्हे एकमेकांना चिकटून, माना खाली घालून, भात्यासारखे हलत उभे होते.

पहिल्या आणि दुसऱ्या गोठ्यात मात्र तसं नव्हतं. तिथेही धाप होती, पण तोंडं मिटलेली होती. दोन-तीन तर चक्क बसून रवंथ करत होते.

हे तिला सकाळपासून टोचत होतं. एकाच दिवशी आलेले गोऱ्हे, एकच रंग, एकच वैरण, एकाच विहिरीचं पाणी. मग चटका दोनच गोठ्यांना का? तिने हौदांत हात घालून पाहिला, पाणी सारखंच गार होतं. पेंढ्याचा थर सारखाच जाड. पहिले दोन गोठे घराच्या बाजूला आणि दुसरे दोन पूर्वेला, एवढाच फरक. पूर्वेला काही सूर्य वेगळा नव्हता.

तेवढ्यात गाडीरस्त्यावर धुळीचा लोट उठला आणि गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा लाल टँकर आत शिरला. चाकामागे शेजारचा ओरिन हॅव्हलिक होता. आग कुठेही लागो, तो आधी पोचायचा, आणि आग नसली तरी टँकर बाहेर काढायला त्याला काहीतरी कारण लागायचंच.

"लॅडी म्हणाला, तुमच्याकडे गोमांस उभ्या उभ्याच शिजतंय," तो खिडकीतून म्हणाला.

"ओरिन," रेडिओतून लॅडी गरजला, "बडबड नंतर. तुझ्या त्या डबड्याने आजवर एकही आग विझली नाही, निदान जनावरं तरी भिजव."

ओरिनने मार्लाच्या कमरेकडे वाकून रेडिओला उत्तर दिलं, "तू पायऱ्या मोजत बस, लॅडी. मागच्या वेळी मोजायला चुकलास म्हणून खुबा गेला."

मार्लाने नळीचं तोंड हातात घेतलं. ओरिनने धुक्यासारखा फवारा लावला होता. तिने तो फिरवून जाड धार सोडली.

"अगं, हळूहळू भिजव, धुकं बरं असतं," ओरिन म्हणाला. "तीस वर्षं पाणी मारतोय मी."

"धुकं केसांवर बसतं आणि हवाच ओली करतं. थेंब मोठा हवा, कातडीपर्यंत पोचणारा. गोऱ्ह्यांना आग लागलेली नाही, ओरिन."

"तेवढंच बाकी आहे."

धार पडली तसे गोऱ्हे दचकले, मग स्तब्ध झाले. काळ्या पाठी निथळू लागल्या. एलिसेओ कळपाच्या कडेकडेने हळू चालत त्यांच्याशी स्पॅनिशमध्ये पुटपुटत होता, जणू एखाद्या आजारी मावशीची समजूत काढतोय. मार्लाही नखशिखांत भिजली. थोड्या वेळात टँकर रिता झाला आणि ओरिन नदीवर भरायला निघून गेला.

आता या भिजलेल्या पाठी सुकायला हव्या होत्या. पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं, सगळा खेळ तोच. पण सुकत काहीच नव्हतं. पाठींवरून वाफ निघत होती आणि तिथेच रेंगाळत होती. ओल्या घोंगडीत गुंडाळल्यासारखं वाटत होतं. मार्लाचा सदरा अंगाला चिकटला तो चिकटलाच.

विहिरीचा पंप पाहायला ती घराच्या बाजूला गेली. झडप घट्ट करायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिला पाठीवर गारवा जाणवला. तिने सदरा चिमटीत धरला. खांद्यावर तो जवळजवळ सुकला होता.

ती तिथेच थांबली. मग चौथ्या गोठ्याकडे पळाली, आपणच दिलेली ताकीद विसरून, आणि अर्ध्यात आठवण होऊन चालायला लागली. कुंपणाशी सदरा ओलाच राहिला. परत घराकडे. इथे सुकतोय. एलिसेओ हे येणंजाणं पाहत होता.

"मालकीणबाई, ऊन लागलं का?"

"ती नारिंगी फीत आहे का? खुणेची?"

त्याने खिशातून गुंडाळी काढून दिली. तिने वीतवीतभर तुकडे तोडले आणि कुंपणाच्या खांबांना बांधत सुटली. पहिल्या गोठ्याच्या खांबावर फीत लगेच आडवी झाली. दुसऱ्यात फडफडली. तिसऱ्याच्या कोपऱ्यात जरा वळवळली. चौथ्यात ती मेलेल्या शेपटीसारखी सरळ खाली लोंबत राहिली.

मार्लाने वर पाहिलं. कुंपणाच्या कोपऱ्यात पणज्याच्या काळची पवनचक्की होती. विजेचा पंप आल्यापासून ती पाणी ओढत नव्हती, नुसती करकरायची. तिचं चाक या क्षणी मजेत फिरत होतं.

खाली फीत मेलेली आणि वर चाक फिरतंय.

ती शिडीला लागली. लोखंड तळहात भाजत होतं, म्हणून तिने बाह्या खाली ओढून पकडलं. कुंपणाच्या उंचीपर्यंत काही नाही. आणखी वर, काही नाही. शिडीच्या मध्यावर तिचं डोकं एका पातळीच्या वर निघालं आणि वारा तोंडावर आला. असा आला की टोपीच उडाली आणि खाली एलिसेओच्या पायाशी जाऊन पडली.

आता तिला सगळं दिसलं. दक्षिणेकडे सोयाबीनचं लांबलचक शेत होतं, गुडघ्याएवढं, आणि वाऱ्याने त्याची पानं उलटी होऊन लाटांमागून लाटा पांढुरक्या दिसत होत्या. वारा तिथून सरळ गोठ्यांकडे येत होता. आणि गोठ्यांच्या तोंडाशी, तिसऱ्या-चौथ्याच्या कुंपणाला अगदी खेटून, मक्याची पट्टी होती. हिरवीकंच, माणसाने हात वर केला तरी तुऱ्याला लागू नये एवढी उंच. वारा त्या तुऱ्यांवर आपटत होता, तुरे डोलत होते, आणि वारा तसाच गोठ्यांवरून उडून पलीकडे जात होता. शिवाय ही भिंत आपल्या पानांतून दिवसभर घाम गाळत होती, तो वेगळाच. त्या घामाची सगळी ओल गोठ्यात साचत होती.

मार्ला एकटीच हसली. उत्तर सापडलं की तिला असंच व्हायचं, प्रसंग कोणताही असो. हसतानाच तिला आठवलं की ही पट्टी मार्चमध्ये ओरिनला पेरायला तिनेच दिली होती, आणि हसू तिथेच थिजलं.

"बाबा," तिने रेडिओ तोंडाशी धरला, "कुंपणाजवळची पट्टी आजोबांनी कधीच का पेरली नाही?"

"हे विचारायला आत्ता वेळ आहे तुला?"

"सांग तर."

"बेसबॉलसाठी. दर रविवारी तिथे सामना व्हायचा. सगळं गाव नांगरून मका लावायचं, पण व्होंड्राची पट्टी मोकळी, म्हणून लोक आम्हाला आळशी म्हणायचे. मीसुद्धा नंतर ओटच पेरले तिथे, बुटके, लवकर कापून मोकळे होणारे. सवय म्हणून. का?"

"चौथ्या गोठ्यात तुझ्या काळात उन्हाने किती जनावरं गेली?"

व्हरांड्यातून खुर्चीची करकर ऐकू आली.

"एकही नाही," लॅडी सावकाश म्हणाला. "चौथा गोठा आमचा सगळ्यांत चांगला. तिथे नेहमी वारा असायचा." पुन्हा करकर. "अरे देवा. पोरी, तो मका."

"तोच."

"आजोबांना हे ठाऊक असेल असं वाटतं तुला?"

"मला काय ठाऊक, बाबा? तुझाच बाप होता."

"माझ्या बापाला फक्त बेसबॉल ठाऊक होता," लॅडी म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता खात्री नव्हती.

ती शिडीवरून उतरली ती जवळजवळ घसरतच. कानात वारं शिरलेल्या वासरासारखी तिची अवस्था झाली होती. सूर्यास्तापर्यंत दक्षिणेचा वारा टिकेल, मग पडेल, असं हवामानाच्या बातमीत होतं. म्हणजे दुपार हातात होती. भिंत पाडली तर या पाठी सुकतील आणि अंधार पडण्याआधी गोऱ्ह्यांना साठवलेलं थोडं तरी ओझं टाकता येईल. नाही पाडली तर ज्यांच्या जिभा बाहेर आल्यात ते आजची रात्र काढणार नाहीत.

फक्त ती भिंत तिची नव्हती. जमीन तिची, मका ओरिनचा. आणि हा साधा मका नव्हता. काउंटीच्या मका-स्पर्धेत ओरिन सात वर्षं दुसरा येत होता आणि त्याचा मेहुणा डेल्मर पहिला. सकाळच्या कॉफीला डेल्मर रोज त्याला विचारायचा, "काय ओरिन, तुमच्याकडे यंदा गवत कसं आहे?" गोठ्यांतून झिरपणाऱ्या शेणखतावर पोसलेली ही पट्टी म्हणजे ओरिनचं उत्तर होतं. गेल्या महिन्यात तो मार्लाला हात धरून दाखवायला घेऊन गेला होता. "बघ, ओळीत उंदीर शिरायलासुद्धा फट नाही."

टँकर परतला. ओरिन उतरला, तर मार्ला समोरच उभी.

"ओरिन, टपावर चढता का?"

"कशावर?"

"टँकरच्या टपावर. हात ओला करा आणि चढा."

"लॅडी, तुझ्या पोरीला खरंच ऊन लागलंय," तो रेडिओकडे बघत म्हणाला.

"ती सांगते ते कर, ओरिन," रेडिओतून आवाज आला. त्यात चेष्टा नव्हती. ओरिनने चमकून मार्लाकडे पाहिलं, मग नळीखाली हात धरला, आणि साठीतला तो जाडजूड माणूस धापा टाकत टपावर चढला.

तिथे तो उभा राहिला. त्याने ओला हात पुढे धरला. मग मक्याच्या तुऱ्यांकडे पाहिलं, खाली लोंबणाऱ्या फितीकडे पाहिलं, फिरत्या चाकाकडे पाहिलं. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. जन्मभर त्याने आगीचा वारा कुठून येतो हे बघण्यातच घालवलं होतं.

"हे मी केलंय?" त्याने वरूनच विचारलं.

"मी केलंय. पट्टी मी दिली."

"पेरलं मी."

चौथ्या गोठ्यात एक मोठा गोऱ्हा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, गुडघे वाकवून खाली बसायला गेला, आणि बसला नाही, अर्ध्यातच थरथरत परत उभा राहिला. त्याची जीभ चिखलात भिजलेल्या चिंधीसारखी लोंबत होती.

"तुझी खात्री आहे?" ओरिनने विचारलं. "कापून टाकला आणि वारा आला नाही, तर मका पण गेला आणि गोऱ्हे पण."

"वारा तिथे आहे. वाट नाहीये एवढंच."

"खात्री आहे का म्हटलं मी."

मार्लाने श्वास घेतला. "आहे."

ओरिन टपावरून उतरला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "मुरघासाचं कुट्टीयंत्र सगळं गोळा करत बसेल, वेळ जाईल. माझं बुडखे कुटायचं यंत्र आहे, आठ ओळी एका फेरीत. मातीत मिसळेल सगळं. मिसळू दे." तो टँकरच्या दाराशी थांबला. "एकच अट. डेल्मरला तू सांगायचंस. मी त्याच्यासमोर तोंड उघडणार नाही."

"सांगते."

"आणि हे पण सांग की पट्टी पडली तेव्हा तुरे नऊ फुटांवर होते."

टँकर एलिसेओच्या हवाली करून ओरिन शेतातून पायी पळाला. मार्लाने त्याला पळताना कधीच पाहिलं नव्हतं.

यंत्राचा आवाज येईपर्यंत मार्लाला काय करावं सुचेना. तिने फिती पुन्हा पुन्हा तपासल्या. एलिसेओने तिसऱ्या गोठ्यात धार धरली. मग पट्टीच्या पलीकडच्या टोकाला, सोयाबीनच्या बाजूला, धूर उठला आणि धडधड ऐकू आली. ओरिनला डोकं होतं. आधी लांबून, कुंपणापासून दूर सुरुवात. आवाजाची जनावरांना हळूहळू सवय होऊ दे, मग जवळ यायचं. पण त्यामुळे एक झालं. गोठ्याजवळची शेवटची ओळ पडेपर्यंत भिंत भिंतच राहणार होती. ओरिन आपला मका ओळीमागून ओळ आडवा करत होता आणि इकडे फीत तशीच लोंबत होती.

एक फेरी. दुसरी फेरी. कुटलेल्या हिरव्या मक्याचा गोड वास पसरला. तुऱ्यांची रांग मागून पातळ होताना दिसत होती, जणू कुणी डोंगराची मागची बाजू पोखरतंय.

"दिसतंय का काही?" लॅडीने विचारलं.

"अजून नाही."

"मी येतोय."

"बाबा, तू कुठेही येत नाहीयेस."

थोड्या वेळाने वैरणीचा ट्रक डुलत डुलत गव्हाणीच्या रस्त्याने आला. आत लॅडी, एक पाय सरळ ताणलेला, कुबडी खिडकीतून बाहेर, आणि मांडीवर जर्दाळू भरलेल्या गोड पावांची, कोलाचींची पिशवी.

"गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं," मार्ला म्हणाली.

"डॉक्टरांनी चालायचं नाही असं सांगितलं होतं. चाललो का मी? कोलाची घे. रिकाम्या पोटी माणूस चुकीचा विचार करतो."

धडधड जवळ आली. आता शेवटच्या ओळी उरल्या, आणि यंत्र कुंपणापासून हाताच्या अंतरावर येणार होतं. गोऱ्ह्यांचे कान टवकारले. कळपातून एक लहर गेली, कडेचे दोघे-तिघे मागे सरले. एक जरी उधळला तर सगळे उधळणार, आणि तापलेल्या अंगाने उधळले तर वारा यायच्या आधीच खेळ खलास.

एलिसेओने नळी खाली ठेवली आणि तो कळपाच्या मधोमध शिरला. तो पुटपुटत नव्हता आता, गात होता. आवाज भसाडा होता, सूर तर नव्हताच. पण गोऱ्ह्यांचे कान यंत्राकडून त्याच्याकडे वळले. वीस वर्षं ते आणि त्यांच्या आधीचे सगळे हाच आवाज ऐकत आले होते.

"असला आवाज ऐकून मी पळालो असतो," लॅडी हळूच म्हणाला. पण त्याने मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं.

ओरिनने यंत्राचा वेग कमी केला, इतका की ते रांगायला लागलं. शेवटच्या आठ ओळी. तुरे एकेक करून थरथरले, कलले, दिसेनासे झाले. ओरिनने एकदाही मान वळवून मागे पाहिलं नाही. तो पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत होता, आणि त्याच्या मागे मोकळं आकाश उघडत होतं. तिसऱ्या गोठ्यासमोरून तो गेला. चौथ्यासमोर आला. शेवटचं धाट आडवं झालं आणि त्याने इंजिन बंद केलं.

मार्ला फितीकडे बघत राहिली. ती लोंबतच होती.

"मार्ला," लॅडी म्हणाला.

"थांब."

"मार्ला, मला वाटतं..."

"थांब म्हटलं ना, बाबा."

फितीचं टोक जरासं उचललं गेलं. पडलं. पुन्हा उचललं. मग सोयाबीनवरची एक लाट कुटलेल्या मक्यावरून सरपटत आली, पानांचे तुकडे गोल फिरले, आणि फीत ताडकन आडवी झाली. मार्लाच्या ओल्या सदऱ्यात वारा शिरला आणि उन्हाच्या त्या भट्टीत तिला चक्क शहारा आला.

गोऱ्ह्यांनी माना उचलल्या. आधी कुंपणाजवळच्यांनी, मग मधल्यांनी. नाकपुड्या फुगल्या. एकमेकांना चिकटून उभा असलेला तो काळा गोळा सैल व्हायला लागला, जसा पिठाचा गोळा पाण्यात सुटतो. एकेक गोऱ्हा बाजूला होऊन वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. त्यांच्या भिजल्या पाठींवरची वाफ आता रेंगाळत नव्हती, उत्तरेकडे वाहून जात होती.

"पाणी," मार्ला ओरडलीच, "एलिसेओ, परत पाणी. आता भिजवा. आता सुकेल."

एलिसेओने नळी उचलली आणि या खेपेला हसून म्हणाला, "जशी आज्ञा, मालकीणबाई."

दुपार त्यांनी अशीच काढली. भिजवायचं, वाऱ्याला काम करू द्यायचं, पुन्हा भिजवायचं. एकदा सुरुवात केली की मध्येच थांबून चालत नाही. ओरिन टँकर नेत-आणत राहिला. दर खेपेला तो कुटलेल्या पट्टीकडे न पाहता जायचा, आणि परत येताना मात्र पाहायचा. तिसऱ्या गोठ्यात तोंडं मिटू लागली. चौथ्यात एकेक करून जिभा आत गेल्या. फक्त कपाळावर ठिपका असलेला तो गोऱ्हा कोपऱ्यात तसाच उभा होता. जीभ आत गेली होती, पण डोळे अर्धे मिटलेले, पाण्याला तोंड लावलेलं नाही.

सूर्य कलला, सावल्या लांबल्या, तेव्हा लॅडीने वैरणीचा ट्रक गव्हाणीवरून फिरवला. तापलेलं जनावर आधी खाणं सोडतं. म्हणून आता खातात का, हीच खरी परीक्षा होती. तो कुबडीवर खाली उतरला आणि चौघंही कुंपणाला टेकून उभे राहिले. पहिल्या दोन गोठ्यांतून माना लगेच आत आल्या. तिसऱ्यातून सावकाश. चौथ्यातून दोन, मग पाच, मग कुंपणभर काळी डोकी, आणि खाण्याचा तो एकसुरी आवाज सुरू झाला.

"ठिपक्या येत नाहीये," मार्ला म्हणाली.

ओरिन कुटलेल्या पट्टीत गेला. वाकून बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक कणीस होतं, यंत्राखालून कसंबसं वाचलेलं, हिरव्या पाल्यात. त्याने पाला सोलला. दाणे अजून दुधात होते, पण ओळी गच्च, टोकापर्यंत भरलेल्या, मधे कुठे फट नाही. त्याने ते लॅडीसमोर धरलं.

"बघून घे. उद्या म्हणशील, हॅव्हलिक थापा मारतो."

लॅडीने कणीस उलटंसुलटं करून पाहिलं. "डेल्मर हरला असता," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ओरिनच्या मक्याचं कौतुक कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"हरला असता," ओरिन म्हणाला. "मागे इथेच, रविवारच्या सामन्यात, त्याला मी तीन चेंडूंत बाद केलं होतं. तुझा बाप पंच होता."

मग तो कुंपणाच्या फळ्यांमधून आत वाकला आणि कणीस लांब धरलं. ठिपक्या हलला नाही. ओरिन तसाच वाकून राहिला, पाठ दुखत असणार तरी. वारा आता पडायच्या बेतात होता, पण अजून पडला नव्हता. फितीचं टोक हलत होतं.

ठिपक्याने नाक पुढे केलं. हुंगलं. लांब, खरखरीत जीभ बाहेर आली, आणि या वेळी ती लोंबायला नव्हे, घ्यायला आली होती. तिने कणसाला वेढा घातला आणि ते ओरिनच्या हातातून ओढून घेतलं.

"खातोय," एलिसेओ म्हणाला.

मार्लाने लॅडीच्या खांद्यावर डोकं टेकलं. स्पर्धेचं ते कणीस दाढांखाली करकर वाजत होतं, आणि ओरिन आपला रिकामा हात तसाच पुढे धरून, कान देऊन ऐकत होता.

"चव कशी आहे म्हणावं त्याला?" लॅडीने विचारलं.

"गप बस, लॅडी," ओरिन म्हणाला. "खाऊ दे त्याला."